पाच नंबरचा पत्ता

जुन्या शहराच्या नळांचा नकाशा उघडायला हवा होता, उघडली मुलगी. बाईंची स्वतःची मुलगी. तीन वर्षं जिचा चेहरा पाहिला नव्हता ती चिऊ, ऑफिसातल्या संगणकावर, भर दुपारी, मांडीवर एक लहान पोर घेऊन हसत बसलेली. बाईंना आधी वाटलं, आपल्या हातून कुठला तरी जुना फोटो उघडला. मग फोटोने पापणी मिटली. फोटोने मांडीवरच्या पोरीच्या तोंडातून रुमालाचं टोक ओढून काढलं आणि तिच्या हनुवटीवरची लाळ पुसली. काळजात धस्स झालं म्हणावं, तर तेवढीही सवड मिळाली नाही. बाई नुसत्या बसून राहिल्या. उजवा हात माऊसवर, डाव्या हाताचं बोट चहाच्या कपाच्या कानात अडकलेलं, आणि तोंड, खरं सांगायचं तर, चांगलं उघडं.

"हे काय?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

"काय झालं, बाई?" समोरच्या टेबलावरून लगबगेने विचारलं. लगबगे हे काही त्याचं आडनाव नव्हे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत खुर्चीतून उठायची खोड, म्हणून पाणीखात्याने त्याला बहाल केलेलं नाव. बाईंनाही खात्याने असंच बारसं करून 'नकाशाबाई' केलं होतं. शहराच्या पोटातले सगळे नळ, सगळे व्हॉल्व्ह कागदावर आणायचं काम त्यांचं.

"काही नाही. उघडतंय."

"उघडलं का? बघा, म्हटलं नव्हतं मी?" असं म्हणून तो स्वतःच्या कामाला लागला. त्याचंच खूळ होतं हे. वडिलांना, म्हणजे बाबांना, अर्धांगाचा झटका आल्यापासून बाई सकाळचा वेळ घरी काम करायच्या आणि दुपारी ऑफिसात यायच्या. मोठा नकाशा घरच्या संगणकावर आणि छापायचं यंत्र इथे, त्यामुळे रोज काहीतरी तिकडे राहायचं. "कशाला ये-जा करता? घरचा संगणक इथूनच उघडा की," लगबगे म्हणाला होता. "राउटरला एकदा सांगून ठेवायचं, बाहेरून मी हाक मारली की मला अमक्या मशीनकडे सोड. बस्स." रविवारी बाबांना निजवून बाई कपाटावरच्या त्या राउटरपुढे स्टूल घेऊन बसल्या. पाण्याच्या माणसाला त्यात अवघड काही नव्हतं. राउटर म्हणजे घराचा मुख्य व्हॉल्व्ह. आत जेवढी मशीनं, तेवढ्या तोट्या, आणि प्रत्येकीला राउटर एकेक नंबर देतो. यादीत दोन मशीनं एकाच नावाची दिसली तेव्हा त्या चपापल्या, पण लगेच लक्षात आलं, दुसरा तो आपला जुना लॅपटॉप. बाबांना देताना जसा होता तसाच दिला, नाव बदललं नाही, पासवर्ड बदलला नाही, पडदा दुरून बघायचा तो प्रोग्रॅमसुद्धा काढला नाही. आपला नंबर पाच. बाहेरून येणाऱ्याने पाच नंबरकडे जावं, असं त्यांनी राउटरला लिहून दिलं, मोबाईलवरून एकदा उघडून बघितलं आणि समाधानाने झोपल्या. तो पाच नंबर आपल्याच मशीनला कायमचा बांधून घालायचा असतो, एवढं मात्र राहिलं. उभ्या आयुष्यात एक व्हॉल्व्ह बिनपाटीचा सोडला नव्हता या बाईने. आज सकाळी घरची वीज गेली, परत आली, राउटरने नव्याने नंबर वाटले, आणि आधी जागा झाला तो बाबांचा लॅपटॉप.

हे सगळं त्यांच्या ध्यानात आलं ते पडद्याच्या खालच्या कोपऱ्यामुळे. तिथे पत्त्याच्या पानाएवढ्या चौकोनात बाबा होते. सकाळी बाईंनीच घातलेला चौकड्यांचा शर्ट, पाठीला टेकवलेली उशी, मागे पलंगाची कड. म्हणजे मोठ्या चौकटीत चिऊ, छोट्या चौकटीत बाबा, आणि दोघांचं बोलणं चाललेलं. आपण आपल्या संगणकावर नाही, बाबांच्या लॅपटॉपवर येऊन पडलो. आपल्याच घरात, दुसऱ्या खोलीत.  बाबांच्या चौकटीत बाजूने एक हात आला आणि त्याने त्यांच्या ओठांवरून टॉवेल फिरवला. हातात हिरव्या बांगड्या. मावशी! बाबांचं सगळं बघायला दुपारच्या येतात त्या मावशी, ज्यांना बाई रोज जाताना बजावून जायच्या, "मावशी, काही असलं तर लगेच फोन करा हं," आणि ज्या रोज संध्याकाळी दारातच सांगायच्या, "काही नाही हो ताई, जेवले, झोपले, उठले." जेवले, झोपले, उठले! घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे घर जागच्या जागी होतं आणि वासे मात्र सगळे चिऊकडे तोंड करून बसले होते. किती दिवस? कोणी कोणाला शोधलं? आपण सकाळी निघताना बाबा डोळे मिटून पडलेले असतात ते खरोखर झोपेत, की आपण कधी जातो त्याची वाट बघत? या घरात पाणी कुठे मुरतंय याचा बाईंना कधी वासही आला नव्हता, आणि शहरात कुठेही नळ फुटला तर लोक यांना विचारायला येत होते.

पोर चिऊचीच असणार. विचारायची गरजच नव्हती. कानाची पाळी तीच, बाबांची, बाईंची, चिऊची, पुढे आलेली, चिमटीत धरून ओढावीशी वाटणारी. वर्ष-सव्वा वर्षाची असेल. म्हणजे मी आजी. हा शब्द बाईंनी मनात उच्चारला आणि तो कुणा दुसऱ्याच बाईला उद्देशून असल्यासारखा नुसताच पडून राहिला. आजी झालेल्या बाईला कोणीतरी कळवतं. फोन येतो, दवाखान्याच्या फेऱ्या होतात, डबे जातात, "अगं, टोपरं घाल तिला" म्हणून ओरडायला मिळतं. त्यांना कळलं ते असं, चहा निवत असताना, टेबलावर छपाईचे कागद पसरलेले असताना, एका यंत्राने चुकून दुसऱ्याचं दार उघडल्यामुळे. आणि ते दार उघडलं नसतं तर? तर संध्याकाळी घरी गेल्यावर "जेवले, झोपले, उठले." उद्याही तेच. पोर चालायला लागली असती, शाळेत गेली असती. 

शेवटचं त्यांनी चिऊला पाहिलं ते बेकरीत. तोही धक्काच होता, पण त्यात राग होता आणि रागाला धरून उभं तरी राहता येतं. खात्यातले एक साहेब निवृत्त होणार होते, केक सांगायला बाई एका आडरस्त्यावरच्या बेकरीत शिरल्या, तर काउंटरमागे एप्रन बांधून चिऊ. कॉलेजात असायला हवी होती ती त्या वेळी. कॉलेज तिने केव्हाच सोडलं होतं. महिनोन्महिने सकाळी दप्तर घेऊन घरातून निघत होती आणि इथे येऊन पाव भाजत होती. बाईंनी तिथे तमाशा केला नाही. केक सांगितला, आकार सांगितला, वर काय लिहायचं ते सांगितलं. चिऊने लिहून घेतलं, आणि लिहिताना ओळ वाकडी गेली तर बाई म्हणाल्या, "नीट काढ अक्षर." घरी आल्यावर जे बोलायचं ते बोलल्या. कॉलेज सोडलंस त्याचं काही नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटं होतं. त्याचंच सगळं होतं. "माझ्याशी खोटं बोलणारं माणूस मला या घरात नको." बाबा तेव्हा बोलत होते. बाबा म्हणाले, "अगं, शब्द परत घे." बाई म्हणाल्या, "शब्द परत घ्यायला मी काय दुकान टाकलंय?" चिऊ दुसऱ्या दिवशी गेली. नंबर बदलला. बेकरीतून गेली, शहरातून गेली. बाईंनी शोधलं नाही असं नाही. शोधलं, पण विचारणाऱ्यांना सांगायच्या, "बाहेरगावी असते ती, चांगलं चाललंय." मग बाबांना झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली, आणि घरात एक बोलणारं माणूस उरलं. त्या बोलायच्या आणि बाबा म्हणायचे, "हं." चिऊचा तुम्हाला कधी फोन येतो का हो, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. बाबा म्हणाले होते, "हं." आता त्या 'हं'चा अर्थ लागत होता. ते खरं बोलले होते, बाईंनीच ते रोजच्या 'हं'मध्ये जमा धरलं.

त्या प्रोग्रॅममधून चित्र यायचं, आवाज यायचा नाही. त्यामुळे हा सगळा प्रकार मुक्याने चालला होता. चिऊ हसत होती, आवाज नाही. पोर टेबलावर हात आपटत होती, आवाज नाही. इकडे ऑफिसात मात्र पंखा कुरकुरत होता, लगबगे फोनवर कुणाला तरी "हो हो, आत्ता पाठवतो" म्हणत होता, आणि बाहेरच्या खोलीत पाणी न आल्याची तक्रार घेऊन आलेला एक माणूस आवाज चढवत होता. बाईंनी कोपऱ्यातल्या चौकटीत बाबांचं तोंड पाहिलं. ओठ मिटले, उघडले. मिटले, उघडले. वरच्या मोठ्या चौकटीत पोरीने तेच केलं. ओठ मिटले, उघडले. मग दोघंही थांबले आणि एकमेकांकडे बघून हसले. बाबांचं हसू डावीकडेच सरकलं, उजवा गाल तसाच राहिला. बाईंना ओठ वाचता येत होते. कुठे शिकायला गेल्या नव्हत्या. रोज सकाळी चहाच्या आधी त्या बाबांपुढे आरसा धरायच्या आणि उच्चाराच्या शिक्षिकेने दिलेली चित्रं एकेक करून दाखवायच्या. हे असं तोंड केलं की 'आ', असे ओठ मिटले की 'ब'. "बाबा, बघा माझ्याकडे. बा. नाही, ओठ मिटा आधी. पुन्हा. पुन्हा. अहो, लक्ष कुठे आहे?" बाबा दोन-चारदा तोंड हलवायचे, मग डोळ्यांत पाणी यायचं, मग मान भिंतीकडे. बाई म्हणायच्या, प्रयत्नच करायचा नाही म्हटल्यावर कसं व्हायचं? दीड वर्षात 'हं'च्या पुढे गाडी सरकली नव्हती. शिक्षिकेनेही हात टेकले होते. आणि इथे, भर दुपारी, तेच तोंड बा म्हणत होतं, बाबा म्हणत होतं, लागोपाठ, चुकत, लाळ गाळत, पुन्हा म्हणत होतं, आणि कोणीही त्याला पुन्हा म्हणा असं सांगितलेलं नव्हतं.

मग ओठ मिटून सुटले, जबडा खाली गेला, आणि ओठ दोन्हीकडे ताणले गेले, उजवीकडे जेवढे ताणता येतील तेवढे. बाई पुढे झुकल्या. पुन्हा. मिटून सुटले, जबडा खाली, ओठ ताणले. पाणी. बाबा म्हणत होते पाणी. चिऊने मागून एक वाटी घेतली आणि पोरीच्या तोंडाला लावली. पोरीने वाटीतून मान वर काढून तेच तोंड केलं, पाणी, किंवा तिच्या भाषेत जे काय असेल ते. मावशींचा बांगड्यांचा हात आला आणि बाबांना पेला दिला. बाबा पाणी प्याले. बाई हे बघत होत्या आणि त्यांच्या मनात काय आलं, तर हेच, की आपल्या घरी बाबांनी पाणी कधी मागितलंच नाही. मागायची वेळच आपण येऊ दिली नाही. पेला भरून हातात, औषध काढून हातात, टीव्ही लावून समोर. शब्द यायच्या आधी वस्तू हजर. आपण केलं ते प्रेमानेच केलं, असं त्यांना कळवळून कोणाला तरी सांगावंसं वाटलं. पण बाबांच्या तोंडावर मघापासून जो आनंद दिसत होता तो त्यांनी दीड वर्षात पाहिला नव्हता, त्याला काय करायचं? दुखलं ते तिथे. चिऊ भेटते हे दुखलं नाही इतकं, मूल झालं ते कळवलं नाही हेही नाही. माझ्या मागे हे घर सुखात असतं. मी दार ओढून घेतलं की ही माणसं माणसात येतात.

आणि अजूनही त्यांना हे बंद करवत नव्हतं. उठून जावं, फोन करावा, मावशींना फैलावर घ्यावं, काहीही करावं, पण नजर निघेना. चिऊ बारीक झाली होती. डोळ्यांखाली काळं. केस कसेतरी वर गोळा करून रबर लावलेलं, निम्मे सुटलेले. खांद्यावर पोरीने ओकल्याचा डाग. जेवत असेल का वेळेवर? नवरा कोण, आहे की नाही? मागच्या भिंतीवर दोरी होती आणि दोरीवर छोटी छोटी झबली. बाई एकेक वस्तू डोळ्यांनी गोळा करत होत्या. तेवढ्यात लक्षात आलं की आपला हात माऊसवर आहे. आणि हात हलला की तिथला बाण हलणार. चिऊला तो दिसायचा नाही, तिला फक्त बाबांचं तोंड दिसत असणार. पण बाबांना दिसणार. बाबांना तो बाण ठाऊक होता. सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपचं काही अडलं की बाई आपल्या खोलीतूनच हा प्रोग्रॅम उघडून दुरुस्त करायच्या, आणि आपोआप फिरणाऱ्या बाणाकडे बघून बाबा घाबरून मावशींना खुणा करायचे. मावशी समजूत घालायच्या, "अहो, भूत नाही ते, ताई आहेत." बाण हलला की बाबांना कळणार, चिऊची आई बघतेय. मग चिऊला कळणार. मग चिऊ जाणार. बेकरीतून गेली तशी, शहरातून गेली तशी, आणि या वेळी बाबांच्या तोंडचं पाणी आणि त्या पोरीचे कान घेऊन जाणार. बाईंनी श्वास धरला. हात उचलावा तर उचलताना धक्का लागेल. म्हणून तो तसाच ठेवला, दगड करून. मनगटाला रग लागली. चहाच्या कपातलं बोटही त्यांनी हलवलं नाही. बघू दे मला एवढंच. काही बोलत नाही मी. पोर बाबांना आपली चप्पल दाखवत होती. एकच होती, दुसरी कुठे तरी हरवलेली असणार.

"बाई, साहेब विचारतायत, नकाशा छापायला टाकला का?"

"टाकते."

"अडकलंय का? नाही, मघापासून बघतोय, तुम्ही हलतच नाही..."

"लगबगे, तू बस."

पण बसेल तो लगबगे कसला. तो टेबलाला वळसा घालून आलाच. "अहो, असं अडकलं की जरा हलवायचं असतं, द्या इकडे," असं म्हणून त्याने बाईंच्या हातावरच आपला हात ठेवला आणि माऊस चांगला गदागदा हलवला.

"थांब!" बाई किंचाळल्या. तक्रार करणारा माणूससुद्धा गप्प झाला. शिपायाने दारातून डोकावून पाहिलं. लगबगेने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि तो पडद्याकडे बघत राहिला. बाण चिऊच्या कपाळावर जाऊन थांबला होता.

बाबांनी तो पाहिला. त्यांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं, मग हळूहळू मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं आणि त्या जागी बाईंच्या ओळखीचा चेहरा आला, सकाळचा, आरशापुढचा. म्हणजे तो आजाराचा चेहरा नव्हता. तो माझ्यासाठीचा चेहरा होता. बाईंना भर ऑफिसात कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. चिऊ पुढे वाकून काहीतरी विचारत होती, काय झालं आजोबा, असंच असणार. बाबा तिच्याकडे बघेनात, बाणाकडे बघत होते. मावशी चौकटीत आल्या, त्यांनीही पाहिलं, आणि दोन्ही हात गालांवर गेले. आता मावशी झाकण लावतील, बाईंच्या मनात आलं. लावा. लावून टाका. पण बाबांनी डावा हात उचलून मावशींना अडवलं. कॅमेऱ्याकडे तोंड केलं. जबडा खाली गेला, चांगला खाली, आणि तिथून ओठ दोन्हीकडे ताणले गेले. आ. ई. चिऊचं हसू थांबलं. बाबांनी पुन्हा सांगितलं, आई, आणि बोट पडद्याकडे केलं, म्हणजे बाणाकडे, म्हणजे इकडे. मावशींचेही ओठ हलले, ताई बघतायत.

चिऊने मान वर करून सरळ पाहिलं. तिला बाई दिसणं शक्य नव्हतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या मागे सरकल्या आणि खुर्ची भिंतीवर आपटली. चिऊचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं, एका हाताने तिचं डोकं झाकलं, आणि उठली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. खुर्चीवर ती एकटी चप्पल.

"कोण होतं हो, बाई?" लगबगेने विचारलं. एवढ्या हळू आवाजात बोलताना त्याला खात्यात कोणी ऐकलं नव्हतं.

"माझी मुलगी," बाई म्हणाल्या. तीन वर्षं तोंडपाठ झालेलं ते 'बाहेरगावी असते' तोंडावर आलंच नाही. "गेली."

 लगबगेने बाईंचा निवलेला चहा उचलून बाजूला ठेवला आणि तिथेच उभा राहिला. बाबा खाली बघत होते. त्यांची छाती वरखाली होत होती. काहीतरी लिहून पाठवता आलं असतं. त्याच पडद्यावर कागद उघडून मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं तर बाबांना किंवा मावशींना वाचता आलं असतं. बाईंनी बोटं टंकफलकावर ठेवली. काय लिहायचं? डोक्यात वाक्यं येत होती, एकामागून एक, आणि प्रत्येक वाक्य ओरडत होतं. कळवायचं नाही का. एवढं काय केलं होतं मी. बारीक किती झालीस. पोरीला गार लागेल, झबलं ओलं आहे. एकही वाक्य असं येईना की ज्यात चिऊची काही चूक काढलेली नाही. बाईंना स्वतःचीच भीती वाटली. त्यांनी बोटं उचलून मांडीवर घेतली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. आता ती नंबर बदलेल. संध्याकाळी आपण घरी जाऊ, बाबा डोळे मिटून पडलेले असतील, आणि मग कोणाशीच कोणी बोलणार नाही, पाणीसुद्धा मागणार नाही. हे मी केलं. बघायला मिळालं तेव्हा बघत बसले, म्हणून झालं. पडद्यावर दोरीवरची झबली हलत होती. तिकडे कुठे तरी दार किंवा खिडकी उघडलेली असणार. मावशी बाबांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. बाबा मान हलवत होते, नाही, नाही, नाही. लगबगे म्हणाला, "बाई, पाणी देऊ का?" 

किती वेळ गेला कोण जाणे. साहेबांचा शिपाई येऊन दारातून परत गेला. लगबगेने त्याला हातानेच घालवलं.

मग खुर्ची मागे सरकली आणि चिऊ येऊन बसली. बाईंनी डोळे फाडून पाहिलं. तिचा डागाचा कपडा गेला होता, दुसरा घातला होता, घडीच्या रेघा दिसणारा. तोंड धुतलेलं होतं, कपाळाजवळचे केस अजून ओले होते. आणि रबर काढून, सगळे केस मागे घेऊन, तिने नीट विंचरले होते. मांडीवर पोर होती. तिचंही तोंड पुसून लाल केलेलं, झबल्याची सगळी बटणं लावलेली, मूठभर केसांना पाणी लावून मधोमध भांग पाडलेला. पोर वैतागून भांगावर हात मारत होती. चिऊने तो हात धरून खाली घेतला, पोरीला ताठ बसवलं, स्वतः ताठ बसली आणि आईने बघावं म्हणून पडद्याच्या अगदी जवळ आली.